‘घरी काही करायची गरज नाही’ : डायरीतला शेरा आणि घरातली संध्याकाळ

‘आज पुन्हा वर्गात लक्ष नव्हतं. वही अपूर्ण. सूचना पाळत नाही. घरी समज द्यावी.’

शाळेच्या डायरीतला हा नेहमीचा शेरा. लिहायला अर्धं मिनिट पुरतं. लिहिणाऱ्या बाईंचा हेतूही वाईट नसतो, पालकांना कळवणं हे आपलं कामच आहे. पण हा शेरा घरी पोचल्यावर त्याचं पुढे काय होतं? मूल स्वमग्न असेल, एडीएचडी असलेलं म्हणजे अवधान टिकवायला झगडणारं आणि चंचल असेल, किंवा त्याला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असेल, तर अशा घरांत या चार वाक्यांनी अख्खी संध्याकाळ जाते. आजचा लेख त्या संध्याकाळीबद्दल आहे, आणि ती हलकी करणं शिक्षकाच्या हातात किती आहे, याबद्दल.

‘समज द्यावी’ म्हणजे आईने नेमकं काय करायचं? सकाळी तिसऱ्या तासाला घडलेली गोष्ट ती संध्याकाळी 6 वाजता विचारणार. मुलाला ती आठवत नाही, किंवा आठवते पण सांगता येत नाही. आई चिडते, ओरडते, मग तिलाच वाईट वाटतं. बाबा म्हणतात, तूच लाडावून ठेवलंयस. आजी म्हणते, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. एवढं झाल्यावर अभ्यासाला बसायचं असतं. यातल्या बऱ्याच मुलांची झोपही धड नसते, त्यामुळे आईचीही नसते, आणि सकाळी सातला पुन्हा रिक्षावाले काका दारात. वर्गातली अडचण मात्र होती तिथेच राहते, कारण तिचं उत्तर घरात नव्हतंच.

एकटं मूल नव्हे, अख्खं घर

न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द हल्ली प्रशिक्षणांत वारंवार कानावर पडतो. सगळ्या माणसांचे मेंदू एकाच पद्धतीने चालत नाहीत. अवधान, भाषा, आवाज-स्पर्श सहन करण्याची ताकद यांत माणसामाणसांत फरक असतो, एवढा त्याचा साधा अर्थ. या शब्दाशी ज्यूडी सिंगर या ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक बाईंचं नाव जोडलं जातं. 1998 च्या आपल्या प्रबंधात त्यांनी हा विषय मांडला. स्वतःची आई, स्वतः आणि स्वतःची मुलगी अशा तिन्ही पिढ्यांत त्यांना स्वमग्नतेच्या खुणा दिसत होत्या. म्हणजे हा विचार मुळात एका कुटुंबाच्या अनुभवातून आला आहे. आपण शाळेत मात्र ‘ते एक मूल’ एवढंच बोलतो.

घराचा विचार शाळा करते तोही बहुतेक वेळा दोष शोधण्यासाठी. ही सवय जुनी आहे आणि तिला शास्त्राचंही पाठबळ मिळालेलं होतं. 1943 मध्ये लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने 11 मुलांचं वर्णन करून स्वमग्नता पहिल्यांदा नीट मांडली, तेव्हाच पालकांच्या ‘थंडपणा’ची नोंदही त्याने करून ठेवली. पुढे ब्रूनो बेटेलहाइमने 1967 च्या पुस्तकात सगळा भार आईच्या कोरडेपणावर टाकला. अशा आयांना चक्क ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हटलं जायचं. हे खोडून काढायला उभा राहिला तो बर्नार्ड रिमलँड. तो मानसशास्त्रज्ञ होता आणि एका स्वमग्न मुलाचा बापही होता. स्वमग्नतेचं मूळ जैविक आहे, असं त्याने 1964 मध्येच पुस्तक लिहून मांडलं होतं. 1977 मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न निघाली, बाकीच्या 10 जोड्यांत तसं एकदाही दिसलं नाही. सगळी मुलं एकेका घरातच वाढलेली. मग फरक आईच्या मायेत कसा असणार?

सिद्धांत गेला, पण बोलणी राहिली. ‘आई नोकरी करते ना’, ‘मोबाईल हातात दिला की असंच होणार’, ‘घरात संस्कार नाहीत’, ही त्याच जुन्या आरोपाची आपल्याकडची रूपं आहेत. मोबाईल जास्त पाहणं कुठल्याच मुलासाठी चांगलं नाही, याबद्दल वाद नाही. पण मोबाईलमुळे मूल स्वमग्न होत नाही. उलट दिवसभर आवाजाने, गर्दीने थकलेलं मूल पडद्याकडे ओढलं जातं, आणि वीस मिनिटं स्वयंपाक करता यावा म्हणून आई तो देते. तिला दुसरी वीस मिनिटं कोण देतंय? हे विचारल्याशिवाय आपण तिला मोबाईलवर व्याख्यान देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पालकसभेला न येणारे बाबा, फॉर्म विसरणारी आई

आता थोडी नाजूक गोष्ट. एडीएचडीवरच्या जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या घरात येतो. (अशा पालकांच्या 100 पैकी 75 मुलांना एडीएचडी होणार, असा याचा अर्थ मुळीच नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती जनुकांमुळे, याचं ते माप आहे.) स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही कुटुंबांत वारंवार दिसतात. याचा साधा अर्थ असा की आपल्यासमोर बसलेले आई किंवा बाबा स्वतःही तसेच असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त त्यांच्या लहानपणी कुणी तपासणी केली नाही. त्यांना ‘धांदरट’, ‘घुम्या’, ‘ढ’ म्हटलं गेलं आणि ते मोठे झाले. मुलाचा अहवाल हातात आल्यावर ‘अरे, हे तर माझंच वर्णन आहे’ असं म्हणणारे पालक समुपदेशकांना नवीन नाहीत.

आता हे डोक्यात ठेवून आपल्या नेहमीच्या तक्रारी पुन्हा ऐका. सहलीचा फॉर्म तिसऱ्यांदा विसरलेली आई. पालकसभेत नजर न मिळवणारे, कोपऱ्यात उभे राहून निघून जाणारे बाबा. लिहिलेली सूचना वाचूनही पुन्हा फोन करून विचारणारे पालक. आपण स्टाफरूममध्ये लगेच म्हणतो, ‘पालकच असे, तर मूल काय करणार!’ वाक्य खरं असू शकतं, फक्त आपण म्हणतो त्या अर्थाने नाही.

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचंच बघा. एकाच संदेशात ‘उद्या पांढरा शर्ट, 50 रुपये, आधारची झेरॉक्स आणि मातीचे दोन दिवे आणावेत’, आणि त्याखाली 40 पालकांचं ‘ओके मॅडम’, ‘धन्यवाद बाई’, हात जोडलेले आणि फुलांचे गुच्छ. मूळ सूचना गेली वर. ज्याला अवधानाची अडचण नाही त्याचीही त्यात तारांबळ उडते. एका संदेशात एकच गोष्ट लिहावी, तारीख आणि वार आधी लिहावा, आणि सूचनांच्या ग्रुपवर उत्तरं बंद ठेवावीत. खर्च शून्य. भेटीलाही असंच. सभेच्या गोंधळात, चार पालक मागे उभे असताना, ‘तुमच्या मुलाबद्दल बोलायचंय’ असं म्हणू नये. सभेच्या दुसऱ्या दिवशी 10 मिनिटं वेगळी ठेवावीत आणि काय बोलायचं आहे ते आधी लिहून कळवावं. ‘उद्या येऊन भेटा’ एवढाच निरोप गेला, तर त्या घरात रात्रभर कुणी झोपत नाही.

शाळेत शहाणा, घरी वादळ

‘शाळेत तर अगदी शांत असतो हो, घरीच का असं करतो?’ हे वाक्य आपण सहज बोलतो आणि ऐकणाऱ्या आईला ते थपडेसारखं लागतं. कारण त्याचा ध्वनित अर्थ एकच, चूक घरात आहे.

घडतं ते वेगळंच. वर्गातला पंखा, बाकांची खरखर, पन्नास मुलांचा आवाज, डब्यांचे वास, शेजाऱ्याचा सतत लागणारा कोपर. हे सगळं सहन करत, बाकीच्यांसारखं वागत, मूल पाच-सहा तास स्वतःला आवळून धरतं. ही मेहनत आपल्याला दिसत नाही, कारण तिचा परिणाम म्हणजेच ‘शांत मूल’. घर ही सुरक्षित जागा. तिथे चपला काढल्या की ते सुटतं. रडणं, आरडाओरडा, दप्तर फेकणं, धाकटीला मारणं. काही मुलं उलट दार लावून गप्प बसतात.

म्हणून शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा-पाऊण तास पालकांनी मोकळा सोडावा. ‘आज काय शिकवलं? डबा का नाही संपवला? डायरी दाखव’ यातलं काहीच नको. खायला द्यावं, गणवेश बदलू द्यावा, झोपाळ्यावर किंवा गादीवर लोळू द्यावं. शिक्षकांनी त्याच दिवशीचा ताण त्याच दिवशी वर्गात थोडा उतरवावा. मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं ग्रंथालयात बसू देणं, खडू-डस्टर आणायला पाठवणं, खिडकीजवळची कडेची जागा देणं. गॅदरिंगच्या किंवा लेझीमच्या सरावाच्या दिवसांत तर हे हवंच. त्या पंधरा दिवसांत अशा घरांतल्या संध्याकाळी किती कठीण जातात, हे एकदा एखाद्या आईला विचारून बघा.

गृहपाठही याच वेळेत येऊन आदळतो. वर्गातल्या इतरांना जो 20 मिनिटं लागतो, तोच वाचनाची अडचण असलेल्या मुलाला दोन तास घेतो. त्यातला बराचसा वेळ रडण्यात आणि समजावण्यात जातो, शिकणं फार थोडं होतं. इथे शिक्षकाने एक साधा करार करावा. गृहपाठ अर्धा तास. झाला तेवढा झाला. खाली आई किंवा बाबांनी ‘30 मिनिटं बसला, एवढं झालं’ असं लिहून सही करावी आणि ती सही आपण पूर्ण गृहपाठाएवढी मानावी. फळ्यावरचं उतरवून घेणं ज्याला जमत नाही, त्याला पानाचा फोटो किंवा झेरॉक्स द्यावी. ‘मग बाकीचेही मागतील’ ही भीती मला फारशी पटत नाही. मुलांना कारण नीट सांगितलं तर ती समजून घेतात. चष्मा लावणाऱ्याचा चष्मा कुणी मागत नाही.

गोव्यात काय केलं

पालकांना मदत करायची म्हणजे त्यांना त्यांच्या चुका दाखवायच्या, असं आपल्याला वाटतं. याच्या नेमकं उलट करून पाहिल्याचं एक चांगलं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. गोव्यातली संगाथ ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी 2 ते 9 वर्षं वयाच्या 65 स्वमग्न मुलांच्या कुटुंबांबरोबर एक अभ्यास झाला. तो 2016 मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात आला. काम करणारे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. त्यांनी आई आणि मूल खेळताना छोटं चित्रण करायचं आणि मग ते आईबरोबर बसून पाहायचं. शोधायचे ते जमलेले क्षण. मुलाने गाडीकडे पाहिलं आणि आईनेही आपला हट्ट सोडून गाडीबद्दलच बोलायला सुरुवात केली, असे. ‘इथे बघा, तुम्ही थांबलात आणि तो तुमच्याकडे वळला.’ आठ महिन्यांनी पाहिलं तेव्हा मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं पालकांमध्ये वाढलेलं होतं, आणि मुलंही आपणहून जास्त संवाद सुरू करत होती.

आपल्या डायरीला हीच रीत लावता येते. सुरुवातीला दिलेला शेरा असाही लिहिता येईल :

‘तिसऱ्या तासाला बाहेर ढोलाचा सराव चालू होता. त्याने कानांवर हात घेतले, लिहिणं थांबलं. ग्रंथालयात 10 मिनिटं बसवलं. परत आल्यावर तीन गणितं केली, दोन बरोबर. घरी काही करायची गरज नाही.’

यात काय घडलं ते आहे, कशामुळे ते आहे, काय उपयोगी पडलं तेही आहे. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते वाचून आईला कळतं की शाळेने शाळेचं काम केलंय, तिने आज फक्त आई असलं तरी चालेल. आणि खरोखरच घरी काही करायचं असेल, तर एकच गोष्ट, नेमकी लिहावी. ‘उद्या कानात घालायचे बोळे दप्तरात ठेवा.’ बस. असा शेरा लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात, हे मान्य. 60 पटाच्या वर्गात हे रोज शक्य नाही, हेही मान्य. आठवड्यातून दोनदा लिहा, पण असा लिहा.

मारामारी, चावणं, पळून जाणं या गोष्टी अर्थातच लपवायच्या नाहीत. त्या त्याच दिवशी फोनवर, शांतपणे, आधी मूल ठीक आहे हे सांगून कळवायच्या. वर्गाच्या ग्रुपवर कधीच नाही.

काही ठिकाणी ‘आईने दिवसभर वर्गात बसावं, तरच प्रवेश’ अशी अट तोंडी घातली जाते. अगदी सुरुवातीचे काही दिवस हे ठीक आहे. वर्षभर असेल, तर त्या बाईची नोकरी जाते, घरातल्या दुसऱ्या मुलाचा डबा जातो, आणि वर्गात सतत आई असलेलं मूल बाकीच्यांत मिसळतही नाही.

दुसऱ्या मुलावरून आठवलं. त्याच शाळेत मोठी बहीण असते. ‘तुझा भाऊ ऐकत नाहीये, जरा येतेस का?’ म्हणून तिला सातवीच्या वर्गातून बोलावून घेतलं जातं. निरोप तिच्याकडे, विसरलेली बाटली तिच्याकडे, चिडवणंही तिच्याच वाट्याला. घरी आधीच तिला ‘तू शहाणी ना’ म्हणून बाजूला बसवलेलं असतं. शाळेत तरी तिला तिचा वर्ग पूर्ण मिळू द्या. आणि पालकांनो, आठवड्यातला एक तास फक्त तिचा ठेवा, त्या तासात भावाचा विषय नको.

कागदपत्रं, थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, हे पालकांना आधीच सांगावं म्हणजे हेलपाटे वाचतात. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्न मुलांसाठी 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. दरवर्षी नूतनीकरण मात्र करावं लागतं. दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण त्यासाठीची तयारी नववीतच सुरू करावी. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात असतात, त्यांना वर्गात बोलवा. बोनाफाईड आणि मुलाबद्दलचं लेखी निरीक्षण शाळेने एकाच खेपेत दिलं, तर कुणाच्या तरी दोन रजा वाचतात.

आणि आई-बाबांचं काय?

स्वमग्न मुलांच्या पालकांवर इतर पालकांपेक्षा जास्त ताण असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा पालकांसाठी जो प्रशिक्षण कार्यक्रम तयार केला, त्यात 9 गटसत्रं आणि 3 गृहभेटी आहेत, आणि मुलाला कसं शिकवावं याबरोबर पालकांनी स्वतःला कसं सांभाळावं हाही भाग मुद्दाम ठेवला आहे. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं सांगणं सोपं. वेळ काढायचा कुठून? तो दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. आत्याने रविवारी दोन तास मुलाला सांभाळणं, त्यासाठी तिने आधी चार रविवार नुसतं बरोबर बसून मूल ओळखून घेणं. बाबांनी रात्रीच्या झोपेची पाळी वाटून घेणं. लग्नाला एकाने जाणं, एकाने घरी राहणं आणि पुढच्या लग्नाला अदलाबदल. नातेवाइकांनी ‘याला आणू नका’ म्हणण्यापेक्षा एक शांत खोली मोकळी ठेवणं. शाळेत अशी तीन-चार घरं असतील तर त्यांची संमती घेऊन एकमेकांशी गाठ घालून द्या. पुष्कळदा त्यांना सल्ला नको असतो, समजावून सांगावं न लागणारं माणूस हवं असतं.

आई सतत रडवेली, न जेवणारी, ‘मी गेल्यावर याचं कसं होणार’ हेच बोलणारी वाटली, तर ते नुसतं ऐकून सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. तो शाळेच्या फलकावर कायम लिहिलेला असावा. शिक्षकांनाही लागतो.

शेवटचं काम एप्रिलमधलं. वर्षभरात त्या मुलाबद्दल आपल्याला जे कळलं ते पालकांना दाखवून एका पानावर लिहून ठेवावं : कुठला आवाज सहन होत नाही, कुठल्या बाकावर बसतो, चिडायच्या आधी काय करतो, काय केल्याने शांत होतो, काय छान जमतं. नाहीतर दर जूनला आई तीच कहाणी नव्या बाईंसमोर पहिल्यापासून सांगते, बहुतेक वेळा वर्गाच्या दारात उभं राहून, मुलाच्या देखत. ते पान शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नव्या वर्गशिक्षिकेच्या हातात पडलं पाहिजे, आणि त्याची एक प्रत घरी.